टॉवेलचं वजन, जॉबरमामा आणि एका पानाचं टिपण

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत २४ मागांचा एक टॉवेल कारखाना आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथून मला बोलावणं आलं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. बोलावण्याचं कारण साधं होतं. मुंबईच्या व्यापाऱ्याने टॉवेलची दुसरी खेप उघडली, कार्टनमधला एकेक टॉवेल काट्यावर ठेवला, आणि हलके निघालेले बाजूला काढून परत पाठवले.

ऑर्डर होती ७० बाय १४० सेंटिमीटरच्या टॉवेलची, वजन चौरस मीटरला ४५० ग्रॅम. म्हणजे एक टॉवेल ४४१ ग्रॅमचा. पाच टक्के इकडेतिकडे चालणार होतं, म्हणजे ४१९ पासून ४६३ पर्यंत. परत आलेले टॉवेल ४१९ च्या खाली होते. पण अण्णांचं खरं दुखणं जड टॉवेलांचं होतं. त्यांची तक्रार कोणी करत नाही, कारण जास्तीचं सूत फुकट जात असतं. "हलका परत येतोय, जड गेला तर पैसा येत नाही. दोन्हीकडून आमचीच मान," अण्णा म्हणाले.

या प्रकरणाचं टिपण मी सविस्तर लिहितोय, कारण त्यात जो इलाज लागू पडला तो १०० वर्षांपूर्वीचा आहे. तो अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेशी, बेल लॅब्जशी, जोडलेला आहे तिची गोष्ट सोलापुरात फारशी कोणी सांगत नाही. ती सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आधी माग समजून घेऊ

टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले मोठे रूळ) असतात. ग्राउंड बीमचं सूत घट्ट, पाइल बीमचं सूत ढिलं. पहिले दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, फणी पूर्ण ठोकत नाही, थोडे मागे ठेवते. तिसऱ्या बाण्याला पूर्ण ठोका बसतो, तिन्ही बाणे एकदम पुढे सरकतात आणि ढिलं सूत लूप होऊन उभं राहतं. त्या लुपाची उंची म्हणजेच टॉवेलचं वजन. पाइल बीम जास्त ओढून धरला तर लूप आखूड आणि टॉवेल हलका; सैल सोडला तर लूप मोठा आणि टॉवेल जड. जुन्या मागांवर ही ओढ बीमला गुंडाळलेली दोरी आणि तिला लटकवलेली वजनं ठरवतात.

ही वजनं सरकवणं हे जॉबरचं काम. इथले जॉबर साठीला टेकलेले. तरुणपणी एका मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर यंत्रमागावर आले. सगळे त्यांना मामा म्हणतात. माग बिघडला की मामा आधी कान लावतात, मग हात लावतात. अशा माणसाला "वजन चुकतंय" म्हणून दंड बसला होता. ते मला म्हणाले, "सर, रोज सकाळी एक टॉवेल तोलतो. जड असला की वजन थोडं वाढवून लूप कमी करतो, हलका असला की सोडतो. पाळी सुरू होताना माग जागेवर आणून देतो. दुपारपर्यंत परत पळालेला असतो. काय करू?"

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. सगळं प्रकरण त्यात होतं, पण तेव्हा मला ते पुरतं दिसलं नाही.

पहिला आठवडा: फार छान आकडे

मी काही न बदलता फक्त वजनं मागितली. प्रत्येक मागाचे, प्रत्येक पाळीला, लागोपाठ उतरलेले पाच टॉवेल, एकेक तोलून. धुलाईत जाणारं वजन आधीच हिशेबात धरलं होतं. वजनं लिहिण्याचं काम शिलाई खात्यातल्या एका ताईंकडे दिलं. आठवड्याने रजिस्टर पाहिलं. ४४१, ४४१, ४४२, ४४०, ४४१. दुसऱ्या मागाचं तेच, तिसऱ्याचंही तेच. पान पाहून कोणीही खूश व्हावं.

मला मात्र धस्स झालं. सूत कापसाचं, माग जुना, हवा सोलापुरातल्या उन्हाळ्याची, आणि वजनात हेलकावा फक्त दोन ग्रॅमचा? असं होत नाही. खरी मोजणी कधी इतकी गुळगुळीत नसते.

ताईंना बाजूला बसवून विचारलं. रागावलो नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सर, कमीजास्त लिहिलं की मामांना बोलणी बसतात. मग मी थोडं सांभाळून लिहिलं." मामांवरच्या मायेपोटी रजिस्टर खोटं झालं होतं. ताईंचा दोष यात कणभर नाही. आकड्यावर दंड लावला की आकडाच आधी वाकतो.

त्या रात्री मला बेल लॅब्जमधलं एक प्रकरण आठवलं. हेन्ड्रिक शोन नावाचा तरुण शास्त्रज्ञ तिथे एकामागून एक थक्क करणारे निकाल छापत होता. मग काही बाहेरच्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत जी बारीक थरथर दिसते, ती अगदी सारखीच आहे. दोन वेगळ्या प्रयोगांत निकाल सारखा येऊ शकतो. थरथर सारखी येणं शक्य नाही. चौकशी समिती नेमली, गैरप्रकार सिद्ध झाले आणि सप्टेंबर २००२ मध्ये त्याला काढून टाकलं. ज्या प्रयोगशाळेने आकड्यांच्या थरथरीचा अर्थ जगाला शिकवला, तिथेच हे व्हावं याचं मला आजही वाईट वाटतं. पण थरथर खोटी करता येत नाही, हा धडाही त्याच घराचा.

दुसऱ्या दिवशी अण्णांसमोर एकच अट ठेवली: वजनावरून कुणालाही दंड नाही, बोलणी नाहीत, महिनाभर. अण्णांना पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं होतं की धाक गेला की काम गेलं. शेवटी त्यांनी स्वतः मागांमध्ये उभं राहून सगळ्यांना तसं सांगितलं, मराठीत आणि मग तेलुगूतही. रजिस्टरमधले आकडे त्याच दिवसापासून बदलले.

वेस्टर्न इलेक्ट्रिकचं दुखणं

बेल लॅब्ज म्हणजे अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. १९२५ च्या जानेवारीत, न्यूयॉर्कच्या वेस्ट स्ट्रीटवर ती स्वतंत्र कंपनी म्हणून उभी राहिली. अर्धी मालकी एटी अँड टीची आणि अर्धी वेस्टर्न इलेक्ट्रिकची. वेस्टर्न इलेक्ट्रिक हा टेलिफोनची यंत्रं बनवणारा कारखाना होता. शिकागोजवळ हॉथॉर्नला त्यांचं अवाढव्य काम चाले. भरात असताना तिथे ४० हजारांच्या आसपास माणसं होती. आपल्या मिलच्या भोंग्यावर जसं अख्खं सोलापूर उठायचं, तसंच ते गाव असणार.

त्यांचंही दुखणं वजनाचंच होतं म्हणा. तारेतून दूर जाणारा आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ॲम्प्लिफायर बसवावे लागतात. काही यंत्रं जमिनीत पुरलेली. एक बिघडलं की खोदा, काढा, दुरुस्त करा. म्हणून कारखान्यातच माल एकसारखा निघायला हवा होता. अभियंते जिवापाड मेहनत घेत. नग वाईट निघाला की लगेच यंत्र बदलत, पुन्हा निघाला की पुन्हा बदलत. आणि जेवढं बदलत तेवढा माल जास्त विस्कटत होता.

वॉल्टर शूहार्ट हा भौतिकशास्त्राचा डॉक्टर १९१८ पासून वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये होता. १६ मे १९२४ रोजी त्याने आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना एक टिपण दिलं. जेमतेम एक पान. त्यातली एक तृतीयांश जागा एका आकृतीने घेतली होती: मध्ये एक रेषा, वर एक, खाली एक, आणि मधे टिंबं. आज जगभर ज्याला कंट्रोल चार्ट म्हणतात तो हाच. पुढल्या वर्षी शूहार्ट बेल लॅब्जमध्ये आला आणि १९५६ पर्यंत तिथेच राहिला. १९३१ साली त्याने या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, पण मला ते एक पान जास्त मोलाचं वाटतं.

त्यातला विचार असा. प्रत्येक कामात हेलकावा असतो. त्याची कारणं दोन जातींची. एक, शेकडो बारीक कारणं: सुताची जाडी, हवा, ठोक्यातला फरक. ही कोणाच्या हातात नसतात, सगळी मिळून एका पट्ट्यात थरथर करतात. दुसरी, नाव घेऊन दाखवता येईल अशी कारणं: झिजलेली दोरी, बदललेलं सूत, न शिकवलेला माणूस. टिंब दोन रेषांच्या आत असेल तर यंत्राला हात लावू नका. बाहेर गेलं तर कारण शोधा, ते बहुतेक वेळा सापडतं.

हात लावू नका, हे सांगायला धाडस लागतं. कष्टाळू माणसाला ते आळसासारखं वाटतं.

हात मागे

मामांनाही तसंच वाटलं. "बघत बसू? टॉवेल ४५० चा आला तरी?" मी म्हटलं, "मामा, आठ दिवस. काही फारच बिघडलं तर मला फोन करा, पण वजन सरकवू नका." त्यांनी ऐकलं, पण मन मारून. पहिले दोन दिवस त्यांचे हात दोरीकडे जाऊन परत येताना मी पाहिलेत.

तीन नंबरच्या मागाचं एक पाळीचं पान असं होतं: ४३८, ४४६, ४४१, ४३५, ४४४. सरासरी ४४०.८, आणि सर्वांत जड नि सर्वांत हलक्या टॉवेलमधला फरक ११ ग्रॅम. अशा २५ पाळ्यांची मिळून सरासरी ४४१ आली, आणि फरकाची सरासरी १२. पाच-पाचचे गट असतील तर शूहार्टच्या पद्धतीत या १२ ला ०.५७७ ने गुणायचं. सात ग्रॅम येतात. म्हणजे पाळीची सरासरी ४३४ ते ४४८ मध्ये फिरेल, त्याला काही कारण शोधायचं नाही. एकेका टॉवेलचा हेलकावा त्याच हिशेबाने सुमारे ४२५ ते ४५७. व्यापाऱ्याची मर्यादा ४१९ ते ४६३. म्हणजे तीन नंबरचा माग, नुसता सोडून दिला तरी, ऑर्डर पुरी करायला पुरेसा चांगला होता!

मग बिघडवत कोण होतं? सकाळची ती दुरुस्ती. एका टॉवेलचं वजन १० ग्रॅम जास्त आलं, ते निव्वळ थरथरीमुळे. मामांनी लूप १० ग्रॅमने कमी केला. आता मागाचा मूळ नेमच १० ने खाली बसला, आणि वर त्याची स्वतःची थरथर आहेच. दुसऱ्या दिवशी उलट. गणिताने दाखवता येतं की अशा रोजच्या दुरुस्तीने हेलकावा साधारण १.४ पट होतो. ४२५ ते ४५७ चा पट्टा पसरून ४१९ ते ४६३ ला जाऊन भिडतो. बरोबर व्यापाऱ्याच्या कडेला. त्यावर आणखी काही थोडंसं बिनसलं की टॉवेल बाहेर.

हा हिशेब मी मामांना शिलाईच्या टेबलावर खडूने करून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मीच रोज हलवत होतो." मी त्यांना सांगितलं की १९२० च्या दशकात हॉथॉर्नचे इंजिनियर हेच करत होते, आणि ते काही कमी शिकलेले नव्हते.

नऊ नंबरचा माग

हात मागे घेतल्याचा दुसरा फायदा असा, की खरी खोट दिसायला लागली. इतक्या दिवसांच्या सरकवासरकवीत ती बुजून गेली होती. बहुतेक माग पट्ट्यात होते. नऊ नंबरची टिंबं मात्र करवतीच्या दात्यांसारखी. ४४८, ४४५, ४४१, ४३८, ४३३, ४३०, आणि मग एकदम ४४९. पुन्हा उतरण, पुन्हा उडी.

मामांनी कागद हातात घेतला आणि क्षणात बोलले, "ही उडी मारलीय तिथं नवा बीम चढलाय."

खरंच तसं होतं. बीम भरलेला असतो तेव्हा घेर मोठा. दोरीचा ब्रेक सुताला हलका लागतो. सूत उतरत जातं तसा घेर कमी होतो आणि तोच ब्रेक सुताला जास्त जोराने ओढून धरतो. लूप आखूड होतो, टॉवेल हलका पडत जातो. जुना विणकर बीम उतरेल तसं लटकवलेलं वजन थोडं थोडं कमी करतो, न सांगता, न मोजता. नऊ नंबरवरचा मुलगा चार महिन्यांपूर्वी गावाकडून आलेला. त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं. मामा रोज सकाळी स्वतः सरकवायचे, त्यामुळे शिकवायची वेळच आली नाही.

मामांनी बीमच्या फळीवर खडूने तीन खुणा केल्या. सूत इथवर उतरलं की एक वजन काढ, इथवर आलं की दुसरं. पुढच्या बीमला दाते गेले. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आनंद झाला तो या तीन खुणांचा. चार्टने फक्त बोट दाखवलं, इलाज मामांच्या हातात आधीपासून होता.

हवेचं एक प्रकरण थोडक्यात सांगतो. कापूस हवेतला ओलावा पितो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी सोलापुरात तोललेला टॉवेल मुंबईच्या दमट गोदामात जास्त भरतो. ओलावा पाच टक्क्यांवरून नऊवर गेला तर या मापाच्या टॉवेलमागे १६ ग्रॅमचा फरक पडतो. उन्हाळ्यात हलका वाटला म्हणून लूप वाढवून पाठवलेलं सूत व्यापाऱ्याला फुकट मिळत होतं ते असं. म्हणून नमुने रात्रभर एका बंद खोलीत, ओलावा मोजून ठेवायचे आणि मग तोलायचे, असं ठरलं.

अण्णांची लॅब

पुढच्या खेपेतलं एकही कार्टन वजनावरून परत आलं नाही. अण्णा उत्साहाने म्हणाले, "सर, आपण चार-पाच कारखानदार मिळून लॅबच काढू या. त्या बेलसारखी." त्यांनी हे मनापासून विचारलं होतं, म्हणून उत्तरही पूर्ण द्यायला हवं होतं. एका संध्याकाळी चहावर ते दिलं; त्याचा गोषवारा इथे देतो.

बेल लॅब्जने काय दिलं हे मोजायला गेलं तर संध्याकाळ पुरत नाही. डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. शॉक्लीसह तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं. १९४८ साली क्लॉड शॅननने माहिती मोजायची कशी ते सांगितलं. १९५४ साली सिलिकॉनचा सौर घट आला, उन्हाच्या सहा टक्के शक्तीची वीज करणारा. आपल्या छपरांवरचे पॅनेल त्याचेच वारस. १९६९ साली युनिक्स ही संगणकप्रणाली आणि सीसीडी, म्हणजे प्रकाशातून चित्र टिपणारी चिप. आणि अण्णांना सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल. १९६१ मध्ये ते तिथे रुजू झाले आणि तिथेच त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. कापड आणि ऍक्रिलिक कापणारी लेझर यंत्रं बहुतेक त्याच जातीची. १९८४ साली तिथेच नरेंद्र करमरकरांनी आपली प्रसिद्ध गणनपद्धती मांडली.

पण हे उभं कशावर होतं? एटी अँड टीची मक्तेदारी होती. देशभरातल्या टेलिफोनच्या बिलांतला एक वाटा वर्षानुवर्षं संशोधनाकडे वळायचा, त्यामुळे १०-१५ वर्षं निकाल न देणाऱ्या कामालाही थांबायला सवड होती. आणि त्याइतकीच मोठी गोष्ट अशी, की पाठीशी कारखाना होता. १९४१ च्या सुमारास लॅब न्यू जर्सीतल्या मरे हिलला गेली. तिथले लांबच लांब बोळ असे, की एकेकट्या खोलीत कोंडून राहणंच अवघड. युद्धानंतर लॅबचे एक प्रमुख मर्विन केली यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यांतच लॅबच्या शाखा बसवल्या. सिद्धांत मांडणारा, यंत्र जुळवणारा आणि माल काढणारा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हवेत, यावर त्यांचा भर होता. माझ्या मते नोबेलांपेक्षा ही रचना मोठी.

आणि तिचा वारसा जगभर पसरला तो दारं उघडी राहिली म्हणून; त्यात थोडी सक्तीही होती. १९५२ साली २५ हजार डॉलर घेऊन ट्रान्झिस्टरचं ज्ञान दुसऱ्या कंपन्यांना शिकवलं. कर्णयंत्रं बनवणाऱ्यांकडून तर स्वामित्वशुल्कही घेतलं नाही, कारण ग्रॅहॅम बेल स्वतः बहिऱ्यांचे शिक्षक होते. १९५६ मध्ये सरकारी खटल्यातल्या तडजोडीने साडेसात हजारांहून जास्त जुनी पेटंटं सगळ्यांना मोफत खुली झाली. टेलिफोनशिवाय दुसरा धंदा करायलाही त्या कंपनीला मनाई झाली, म्हणून पुढे युनिक्स विद्यापीठांना स्वस्तात मिळालं.

१ जानेवारी १९८४ रोजी मक्तेदारी तुटली, प्रादेशिक टेलिफोन कंपन्या वेगळ्या झाल्या. बिलातला तो वाटा आटला. १९९६ मध्ये लॅब ल्युसेंटकडे, २००६ मध्ये अल्काटेल-ल्युसेंटकडे, २०१६ मध्ये नोकियाकडे गेली. लॅब आजही आहे, काम करते आहे. पण वाट पाहायची ती सवड गेली. मक्तेदारी मोडणं ग्राहकांसाठी योग्यच होतं असं मी मानतो. तरी त्या सवडीची किंमत कोणी भरायची याचं उत्तर कुणी आधी ठरवलं नव्हतं, हे दुःखही खरं आहे.

"म्हणजे आपल्याला जमणार नाही," अण्णा म्हणाले.

तसं नाही. १९४७ साली अहमदाबादच्या गिरणीवाल्यांनी एकत्र येऊन अटिरा ही कापड संशोधन संस्था काढली. पहिले संचालक विक्रम साराभाई, तेव्हा तिशीही ओलांडलेली नव्हती. मग १९५४ मध्ये मुंबईत बिट्रा, १९५६ मध्ये कोइमतूरला सिट्रा. आपसात स्पर्धा करणारे लोक एका छताखाली सूत तपासायला आले. १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून शूहार्ट स्वतः भारतात आले होते, इथल्या उद्योगांना हीच चार्टची गोष्ट सांगायला. म्हणजे ते पान आपल्याकडे पूर्वीच येऊन गेलं आहे. कापड गिरण्यांत ते रुजलंही. गिरण्या बंद पडल्या, माणसं यंत्रमागांवर गेली, आणि वाटेत कागद मागे राहिला. मामा मिलमध्ये होते तेव्हा तिथे चार्ट लागत असत. मी विचारल्यावर त्यांना आठवलं: "हां, साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर होतं काहीतरी रेघा-रेघांचं. आम्हाला आत कोण सोडतंय?"

तिथेच माझं म्हणणं संपत होतं, आणि सुरूही होत होतं. अण्णांना मी सांगितलं की लॅब जरूर काढा, पण लहान काढा आणि कारखान्यांच्या मधोमध काढा. सुताचा नंबर, म्हणजे जाडी, तपासायला रॅप रील (ठरावीक लांबीचं सूत गुंडाळून घेणारं चाक) आणि बारीक काटा, ओलावा सांभाळलेली एक बंद खोली, आणि नोंदी ठेवणारा एक पगारी माणूस, जो पाचही कारखान्यांत रोज फिरेल. निकाल पाचही जणांना खुले. आणि चार्ट कुठल्याही केबिनमध्ये लावायचा नाही, मागालाच लटकवायचा.

खुल्या निकालांवर गाडी अडली. शेजाऱ्याला आपलं वजन कशाला कळू द्यायचं, हा प्रश्न दोघा कारखानदारांनी सोडला नाही. तीन जण तयार झाले. जागा बघणं चालू आहे.

अण्णांच्या कारखान्यात मात्र २४ मागांना २४ पुठ्ठे लटकले आहेत. टिंब विणकर स्वतः मारतो. नऊ नंबरचा मुलगा पेन्सिल कानावर ठेवतो.

श्रावणात एका रात्री पावणेदहाला मामांचा फोन आला. मागांच्या खडखडाटात मोठ्याने बोलत होते. "सर, तीन, चार अन् पाच नंबर, तिन्हींचं टिंब एकदम वर गेलंय. दोरीला हात लावला नाही. तिन्ही मागांना एकाच वेळी होतंय म्हटल्यावर सुताची पोती बघितली. लॉट बदललाय, लेबलवर नंबर तोच आहे पण सूत हाताला जाड लागतंय. तो लॉट थांबवलाय. सकाळी रीलवर लावून बघू?"